ताटातली वजाबाकी

आमच्या बायकांत एखाद्या मोठ्या हॉटेलाचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला. "तिथं जैन मिळतं का गं?" मिळतं म्हटलं की चौकशी संपली. मग टेबल राखून ठेवायचं, ठेवणीतल्या साड्या काढायच्या, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी मंदिरात भेटेल तिला सांगायचं, "नाव ऐकलं होतं तसंच आहे हो!" मीही वर्षानुवर्षं असंच सांगत आले. आता सांगणार नाही. माझं म्हणणं सरळ आहे. या नावाजलेल्या हॉटेलांचं नाव आपल्या ताटापर्यंत पोचतच नाही, आणि यात निम्मा दोष आपला आहे.

मला हे कळायला सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस यावा लागला.

आमच्या ह्यांनी आणि मुलानं ठरवलं की आजीला एकदा तरी शहरातल्या सगळ्यात नामांकित ठिकाणी न्यायचं. हॉटेलाचं नाव मी घेत नाही. भांडण एका हॉटेलाशी नाही. मुलानं फोन केला, पलीकडून बाईंनी गोड आवाजात 'जैन' असं लिहून घेतलं. वेळ मिळाली रात्री आठची, कारण त्यांचं स्वयंपाकघरच सातला उघडतं. डिसेंबर महिना. त्या दिवसांत हैदराबादला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सासूबाईंचा रात्रिभोजनत्याग लग्नाआधीपासूनचा, सूर्यास्तानंतर त्या पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. हे घरात प्रत्येकाला माहीत होतं. तरी आम्ही म्हणालो, "आजी बसेल की आपल्यात, तिच्यासाठीच तर चाललोय."

त्या पाच वाजता घरी भाकरी-आमटी जेवल्या, इरकली नेसल्या आणि आमच्याबरोबर आल्या. अडीच तास रिकाम्या ताटापुढं बसल्या. आमच्या ताटात काय आलं? आधी गरम पाण्यासारखं एक सूप. मग तांबड्या गोड रश्शात पनीर. मग त्याच रश्शात कोबीचे गोळे, नाव वेगळं. मग पांढऱ्या गोड रश्शात मखाणे. शेजारच्या टेबलावर धूर निघत होता, वास सुटला होता, झाकणं उघडली जात होती. आमच्याकडं काजू आणि साखर. मी वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "ही भाजी मुळातच कांद्याशिवायची आहे का?" तो बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "नै मॅडम, वैसा कुछ नै. आपके वास्ते प्याज-लसून निकाल देते."

निकाल देते! आपलं 'जैन' म्हणजे एवढंच. त्यांच्या पदार्थातून काढून घेतल्यावर उरतं ते.

शेवटी पांढरी उंच टोपी घातलेले मुख्य आचारी टेबलाशी आले आणि हात मागं बांधून उभे राहिले. आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, "फार छान, फार छान" केलं. आणि गाडीत बसल्यावर सासूबाई काय म्हणाल्या असतील? "माझ्यामुळं तुमची अडचण झाली गं." ज्यांचा वाढदिवस, त्या उपाशी बसून आमचीच माफी मागत होत्या! त्या रात्री मला झोप लागली नाही.

ही वजाबाकी होते कशी, तेही समजून घेऊ. मोठ्या हॉटेलात भाजी आपल्यासमोर जन्माला येत नाही. सकाळीच कांदा-टोमॅटोच्या तळलेल्या वाटणाचा एक रस्सा, कांदा उकडून केलेला एक पांढरा रस्सा, लोण्याचा एक, असे डब्बे भरून ठेवलेले असतात. संध्याकाळी त्यातलं घ्यायचं, पनीर किंवा मटार टाकायचे, वरून साय सोडायची. रश्शाला अंग येतं ते कांद्यानं आणि वास येतो तो लसणानं. ते दोन्ही काढलं की उरतो आंबट टोमॅटो. त्याचा आंबटपणा मारायला साखर, पातळपणा झाकायला काजू. म्हणून शहरातलं कुठलंही 'जैन' जेवण एकाच चवीचं लागतं. आचारी वाईट असतो असं नाही. त्याला आपलं जेवण कुणी शिकवलेलंच नसतं.

पण आपलं जेवण म्हणजे उणं केलेलं जेवण नव्हे. ते पूर्ण आहे, पिढ्यांनी बसवलेलं आहे. आमच्या मराठवाड्यातल्या येसराचंच घ्या. धान्य आणि डाळी खमंग भाजायच्या, धने, जिरे, मिरे, सुंठ घालून दळायचं, आणि आमटीला उकळी आली की पाण्यात कालवून सोडायचं. रश्शाला अंग येतं, वास येतो, आणि कांद्याची आठवणही होत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, म्हणून उन्हाळ्यात सांडगे, वड्या, पापड करून ठेवायचे. त्या एका नेमातून किती पदार्थ निघाले! बटाटा नाही तर कच्चं केळं. ओलं आलं नाही तर सुंठ. तुपात हिंग किती वेळ ठेवायचा, म्हणजे करपणार नाही आणि कच्चाही राहणार नाही, हे सासूबाईंना डोळे मिटूनही कळतं. पन्नास वर्षं त्या हे करत आल्या. त्यांच्या टेबलाशी कुणी "फार छान" म्हणायला आलं नाही. उलट ज्यांना यातलं काहीही येत नाही त्यांना पैसे देऊन, साडी नेसून, आम्ही "फार छान" म्हणून आलो, आणि तेही त्यांच्या समोर!

आमच्या कोठीत एक गोष्ट सांगतात, ती मला हल्ली फार आठवते. कोठी हे नावच मुळी रेसिडेन्सीच्या कोठीवरून पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स किर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटानं ती बांधवली. समोर उंच खांब, पायऱ्यांशी सिंह. पुढं तिथं मुलींचं कॉलेज झालं, आता स्त्रियांचं विद्यापीठ आहे. किर्कपॅट्रिकची बेगम खैरुन्निसा पडद्यात राहायची, मागच्या रंगमहालात. तिला समोर येऊन स्वतःचाच महाल बघता येईना. म्हणून म्हणे त्यानं तिच्या बागेत त्या महालाची एक छोटी प्रतिकृती करून दिली. ती लहानशी इमारत अजून त्या आवारात आहे. यात त्याचं प्रेम असेल. पण मोठ्या हॉटेलातलं 'जैन मेनू' नावाचं ते वेगळं पान हातात आलं की मला खैरुन्निसा आठवते. खरा महाल पलीकडच्या लोकांसाठी. आपल्यासाठी मागच्या बागेत एक छोटा नमुना, आणि पैसे मात्र पूर्ण महालाचे.

पैसे म्हणजे किती, तेही बघा. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर आहे, तिथल्या जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो. साध्या हॉटेलात 5 टक्के. त्यावर कुठं कुठं सेवाशुल्क लावतात. ते देणं सक्तीचं नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच सांगितलं आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. पण आपल्यापैकी किती जणी बिल वाचतात? भाजीवालीशी मात्र दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही मी घरातच ऐकले.

पहिला: "हा धंदा आहे. मूठभर लोकांसाठी ते वेगळी चूल का मांडतील?" खरं आहे, आपण मूठभरच. 2011 च्या जनगणनेत देशभरात जैन साडेचव्वेचाळीस लाखांच्या आसपास, म्हणजे शेकडा अर्धाही नाही. आणि हैदराबादचं नाव बिर्याणी-हलीमवर झालं आहे. 2019 मध्ये युनेस्कोनं या शहराला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला, त्यात त्या चुलींचा वाटा मोठा. बिर्याणीच्या हॉटेलात जाऊन मी 'जैन द्या' म्हणणार नाही. ज्याचं जेवण त्याचं, त्याबद्दल नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. पण जो स्वतःहून 'जैन' असं छापतो आणि त्याचे पैसे घेतो, त्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे. शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याला सरकारी अर्थ आहे. 'जैन' या शब्दाला तसला ठिपका नाही. तो शब्द ज्याला हवा तसा वापरता येतो, म्हणून तर तो जपायची जबाबदारी आपल्यावर येते. आणि जमत नाही असंही नाही. पॅरिसच्या आलां पासार या नामवंत आचाऱ्यानं 2001 मध्ये आपल्या हॉटेलातून तांबडं मांस काढून भाज्यांना पहिलं स्थान दिलं. त्याचे तिन्ही मिशलिन तारे शाबूत राहिले. दुबईतल्या 'अवतारा' या पूर्ण शाकाहारी भारतीय हॉटेलाला 2023 मध्ये मिशलिनचा तारा मिळाला. त्यांनी भाजीला उरलंसुरलं मानलं नाही, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप: "एवढं कडक पाळायचं तर घरीच बसावं." हा आक्षेप घेणारे आपलेच असतात, आणि तो बाईलाच ऐकवतात. घरात नेम पाळायची जबाबदारी तिची, पर्युषणात चौका सांभाळायचा तो तिनं, मुलांना कंदमूळ का नको ते समजवायचं तिनं. आणि बाहेर मौज करायची वेळ आली की तिनंच "घरी बसावं"! नेम धरला म्हणजे तिनं चांगलं जेवायची हौस सोडून दिली, असं कुणी ठरवलं?

फलकनुमा महालाचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पायगा घराण्यातल्या विकार-उल-उमरांनी 1884 मध्ये तो बांधायला घेतला, पुढं तो सहाव्या निजामाकडं गेला. 2010 पासून तिथं ताजचं हॉटेल आहे. एका वेळी 101 माणसं बसतील असं टेबल तिथं आहे, आणि 2017 मध्ये देशोदेशीच्या पाहुण्यांना आपल्या पंतप्रधानांनी तिथं मेजवानी दिली. लोक त्या टेबलाची लांबी सांगतात. पण टेबलाची लांबी ही यजमानाची श्रीमंती झाली. मेजवानीची खरी कीर्ती वेगळी असते. पाहुणा काय खातो, काय खात नाही, कधी खातो, हे ज्याला आधी ठाऊक असतं तो यजमान मोठा. आपल्या घरी पाहुणा येणार असला की आपण हेच तर विचारतो. हजारो रुपये घेणाऱ्यानं ते का विचारू नये? आणि ज्यानं विचारलं नाही, त्याचं नाव कितीही मोठं असो, आपल्यापुरतं ते खोटं आहे.

आता आपल्याकडं वळते. त्या रात्री दोष हॉटेलाचा होता तेवढाच आमचाही. सासूबाईंना आठ वाजता नेलं कुणी? आम्ही. त्यांचा नेम ठाऊक असून टेबल घेतलं कुणी? आम्हीच. कारण आम्हाला जेवण नको होतं, नाव हवं होतं. "आम्ही तिथं जाऊन आलो" हे सांगायचं होतं. कांदा नाही ना, हे आपण दहादा तपासतो. अपरिग्रह मात्र दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो. लग्नांतही आता तेच चाललंय. पन्नास पदार्थ, निम्मे ताटात टाकून दिलेले, आणि वर पाटी: शुद्ध जैन.

तेव्हा मैत्रिणींनो, "जैन मिळतं का?" हा प्रश्न आता पुरे. त्याला सगळेच हो म्हणतात. यापुढं फोनवर चार प्रश्न विचारा. मुळातच कांदा-लसणाशिवाय असलेले तुमचे पदार्थ कोणते, नावं सांगा. सूप कशाच्या पाण्यात करता? तळायचं तेल आणि कढई वेगळी आहे का? आणि सूर्यास्ताआधी जेवण वाढाल का? उत्तर पटलं तर खुशाल जा, पोटभर जेवा, आचाऱ्याला मनापासून शाबासकी द्या. नाही पटलं तर "नको" म्हणून फोन ठेवा. गिऱ्हाईक परत गेलं की धंदेवाल्याला बरोबर कळतं.

सासूबाई यंदा शहात्तराच्या होतील. मी आत्तापर्यंत सहा ठिकाणी हे चार प्रश्न विचारले. पाच जणांनी सांगितलं, स्वयंपाकघर सातला उघडतं. सहाव्यानं जरा थांबून विचारलं, "साडेचारला चालेल का? पण कांद्याशिवाय काय करतात ते आम्हाला आधी सांगावं लागेल." मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगायला जाऊ त्यांना?" दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "त्यांच्याकडं येसर नसेल. आपलं घेऊन जाऊ थोडं."