शक्तिमान आणि नोंदणीचा नियम

लष्करातून निवृत्त झालेली मालमोटार लिलावात बहुधा लोखंडाच्या भावाने जाते. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपुरात तयार होणाऱ्या ‘शक्तिमान’चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि तिचे सुटे भाग दुर्मिळ झाले. अशा गाडीचे पुनरुज्जीवन म्हणजे रंगरंगोटी नव्हे. झिजलेला बुश, तुटलेला गिअर नमुन्यावरून पुन्हा घडवावा लागतो. ते काम लेथवर हात बसलेला कारागीरच करू जाणे. पिंपरीच्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या काळेवाडीसारख्या वस्तीत हे कसब आहे. संगणकचलित यंत्रांच्या युगात त्याला गिऱ्हाईक मात्र कमी. अर्थशास्त्राच्या हिशेबात अशा कसबाला रकानाच नसतो, ही गोष्ट वेगळी.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरील दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ नोंदणी देऊ केली. वाहन मूळ रूपात असावे, त्याची व्यापक फेरदुरुस्ती झालेली नसावी, ही अट. हौसेच्या खाजगी मोटारीला ती शोभते. लष्करी गाडी सेवेत असतानाच बेस वर्कशॉपमध्ये पूर्ण उतरवून नवी केली जाते. तोच तिचा इतिहास होय. मग ती अपात्र ठरवावयाची काय? आणि सहाचाकी गाड्यांनी कोठे जावे? अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून युद्धवाहने जपली आहेत, पण ती उभी. चालती गाडी टिकवावयाची, तर फेरदुरुस्तीची लष्करी नोंद मूळ रूपाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरली पाहिजे आणि लिलावात ती वाहनाबरोबरच खरेदीदाराच्या हाती दिली पाहिजे.