दिवाळीनंतरचा पट



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा भिवंडीतले पॉवरलूम सणापुरते थंडावलेले असतील आणि जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं बिऱ्हाड बांधत असतील. दिवाळी सरली की आपल्या तालुक्यातल्या वीटभट्ट्या पेटतात. मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको दोघंही राबतात, आणि मागे सांभाळायला कुणी नसतं म्हणून पोरंही सोबत येतात. गावच्या शाळेच्या पटावर मुलीचं नाव तसंच असतं. ती मात्र भट्टीवर कच्च्या विटा उन्हात पलटत बसते, नाहीतर कडेवर भाऊ घेऊन हिंडते.

यंदाचा अंक सार्वजनिक शिक्षणाच्या वाटचालीला वाहिला आहे, तो या मुलांमुळेच. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचं शिक्षण चालतं, असं जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगाला सुनावलं आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्ती आणली, 1906 मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. शाहू महाराजांनी मात्र 1917 मध्ये कोल्हापुरात सक्ती केली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! देशात शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. जोतीरावांच्या साक्षीला तोवर 128 वर्षं उलटली होती.

अमेरिकेचं उदाहरण आपल्या गावाला जवळचं वाटावं. मॅसॅच्युसेट्स हा कापडगिरण्यांचा मुलूख. गिरणीत राबणाऱ्या मुलांना वर्षाकाठी तीन महिने तरी शाळा मिळावी, असा कायदा तिथे 1836 मध्ये झाला, आणि 1852 मध्ये सर्वच मुलांना सक्ती. तरी बालमजुरीला देशपातळीवर आळा बसायला 1938 उजाडलं. पोर स्वस्त पडतं तोवर मालक कायद्याला जुमानत नाही, हे तिथेही खरं आणि इथेही.

म्हणून आम्हाला दंडापेक्षा दुसरी वाट मोलाची वाटते, मूल असेल तिथे शाळा नेण्याची. उचलीखाली दबलेल्या बापाला दंड करून मिळणार काय? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला गेल्या, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून उभी केलेली, वाकून आत शिरावं लागणारी मजुराची खोपटी. शाळा त्याच भोंग्यांच्या वस्तीत भरायची.

शिक्षणहक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. वयाचा दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. भिवंडी-वाडा रस्त्याने जाता-येता भट्टीवर पोरं दिसली, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना तेवढं सांगा.