नीलपंखाचा 'नीलकंठ' कशासाठी?

दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या पक्ष्याची सिकंदराबादकडील छायाचित्रे सामायिक संग्रहांत ठेवताना आपली मराठी माणसे निःशंकपणे 'नीलकंठ' लिहितात. हिंदीत ते रूढ आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्याचा कंठ निळा नाहीच. तो तांबूस-तपकिरी, फिकट रेघांचा आहे. निळाई पंखांत, आणि तीही उडताना खुलते. मराठीने 'नीलपंख' म्हटले ते पाहूनच. 'चास' हेही आपलेच. लांब लाल चोचीचा खंड्यासुद्धा कधीकधी 'नीलकंठ' होऊन बसतो! तेलंगण व कर्नाटक, दोहोंचा हा राज्यपक्षी. तेलुगूभाषक त्याला पालपिट्टच म्हणतात. मग सीमेपलीकडील मराठी माणसानेच आपले नाव का सोडावे? संग्रहातील नाव दुरुस्त करावे, जुने कंसात राहू द्यावे. शोधणाऱ्याला दोन्ही सापडतील.