चुलीचें प्रमाणपत्र

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांचे पालक गुणपत्रिका हातीं घेऊन तींतील एकेक अंक तपासून पाहतात. ही काळजी योग्यच आहे. परंतु जिच्यावर घरांतील सर्वांचें अन्न शिजतें, आणि जिच्यांतील दोषामुळें घरास आग लागण्याचा संभव असतो, त्या चुलीची गुणपत्रिका किती गृहस्थ मागतात? लाकडावर पेटणारी चूल विकत घेतांना तिची परीक्षा झाली आहे कीं नाहीं हें पाहणें प्रत्येक कुटुंबाचें कर्तव्य आहे, आणि या कामीं शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींनीं वडील माणसांस साह्य करावें, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

हा विषय सुचण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. गेल्या हिवाळ्यांत आम्ही आठवड्याच्या बाजारास गेलों असतां एका दुकानीं पत्र्याच्या सुबक चुली मांडलेल्या दिसल्या. प्रत्येकीवर ठळक अक्षरांनीं 'प्रमाणित' असा शब्द रंगविला होता. आमच्याबरोबर आठव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी होता. त्यानें सहज विचारलें, "काका, ही कोणीं प्रमाणित केली?" दुकानदार हंसून म्हणाला, "अरे बाळ, वर लिहिलें आहे ना!" आम्ही चूल उलटीसुलटी करून पाहिली. क्रमांक नाहीं, परवाना नाहीं, करणाराचें नांवदेखील नाहीं! तो रंगविलेला शब्द वाचून आमचेंही क्षणभर समाधान झालें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. त्या मुलाच्या प्रश्नानें आम्हांस लाज वाटली.

कोणीं तपासली व कोणत्या नियमानें तपासली, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून 'प्रमाणित' या शब्दास कांहीं किंमत नाहीं. आपल्या देशांत भारतीय मानक संस्था १९४७ सालीं स्थापन झाली. तिचें कार्य १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो चालवीत आहे. 'आय. एस. आय.' ही सर्वांच्या परिचयाची खूण त्या पहिल्या संस्थेच्या नांवावरून पडली. लाकूड, गोवऱ्या, काटक्या इत्यादि जाळणाऱ्या व उचलून नेतां येणाऱ्या चुलींसाठीं ब्यूरोनें आय. एस. १३१५२ हें मानक ठरविलें असून त्याचा पहिला भाग २०१३ चा आहे. त्यांत चुलीच्या उष्णतेपैकीं किती भाग भांड्यास पोहोंचतो, विषारी वायु किती निघतो व धुरांतील सूक्ष्म कण किती असतात, यांस मर्यादा घातल्या आहेत. पंख्यावांचून जळणाऱ्या चुलीनें निदान २५ टक्के व पंख्याच्या चुलीनें निदान ३५ टक्के उष्णता उपयोगांत आणली पाहिजे. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहा ते पंधरा टक्केच उष्णता कामीं येते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या अंकांचें महत्त्व कळेल. अर्धें लांकूड वांचणें म्हणजे मोळी वाहणाऱ्या आईच्या डोक्यावरील अर्धें ओझें उतरणेंच होय.

आतां खूण कशी वाचावी तें सांगतों. खुणेच्या माथ्यावर मानकाचा क्रमांक असतो. चुलीवर तो चुलीच्याच मानकाचा आहे ना, हें पाहावें. खुणेच्या खालीं करणाराच्या परवान्याचा क्रमांक असतो. नुसती खूण कोणीही छापूं शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबूं नये. ब्यूरोचें 'बीआयएस केअर' हें ॲप मोबाइलवर उघडून त्यांत परवान्याचा क्रमांक घालावा. परवाना कोणाच्या नांवें आहे, कोणत्या वस्तूसाठीं आहे व तो चालू आहे कीं संपला आहे, हें तेथें दिसतें. नांव जुळलें नाहीं, अथवा परवाना दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर ती चूल कितीही स्वस्त असली तरी घरीं आणूं नये. यास पांच मिनिटेंही लागत नाहींत. गॅसची शेगडी घेतांनाही हीच रीत. तिचें मानक आय. एस. ४२४६ होय.

तथापि एका प्रमाणपत्रानें सर्व प्रश्न सुटतात असें मात्र कोणीं समजूं नये. गणितांत उत्तीर्ण झालेल्या मुलास पोहतांही येतें, असें आपण म्हणत नाहीं. अमेरिकेंत थंडीच्या दिवसांत घर ऊबदार ठेवण्यासाठीं लाकडावर जळणाऱ्या लोखंडी बंद शेगड्या वापरतात. तेथील सरकारनें १९८८ सालीं अशा शेगड्यांच्या धुरास मर्यादा घातली. परंतु धुराची परीक्षा वेगळी व आगीपासूनच्या सुरक्षिततेची परीक्षा वेगळी. ही दुसरी परीक्षा झालेल्या शेगडीवर परीक्षणसंस्थेची पट्टी असते व पेट घेणाऱ्या भिंतीपासून शेगडी किती अंतरावर ठेवावी, हें तींत लिहिलेलें असतें. तें अंतर सोडलें नाहीं, तर परीक्षा झालेली शेगडीही घर जाळील. आपल्याकडेही तसेंच आहे. चांगली चूल कुडाच्या भिंतीस टेकवून ठेवली, ओलीं लांकडें घातलीं, रॉकेल ओतून पेटविली किंवा कोंदट खोलींत वापरली, तर तिच्या खुणेनें कोणाचें रक्षण होणार?

कोणी म्हणतील, "आमच्या आजीनें जन्मभर मातीच्या चुलीवर स्वयंपाक केला, तिला कोठें प्रमाणपत्र लागलें?" या म्हणण्यांत आजीविषयीं आदर आहे, म्हणून त्याचा राग येत नाहीं. परंतु आजीचे पाणावलेले डोळे व पहाटेचा खोकला आम्हीं पाहिला आहे. तिनें तक्रार केली नाहीं, एवढेंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत ३२ लाख माणसें दगावलीं व त्यांत पांच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालकें होतीं. घरीं थापलेल्या मातीच्या चुलीवर कोणी खूण उमटवीत नाहीं, हें खरें. तेथें आपणच परीक्षक व्हावें. धूर बाहेर जाण्यास वाट आहे काय, धुराडें असल्यास तें काजळीनें तुंबलें आहे काय, वर सरपण वाळत टाकलें आहे काय, लहान मूल हात घालील इतकी ती उघडी आहे काय, हें पाहावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं कदाचित् तुमच्या आईस हे बारीक अंक वाचतां येत नसतील, तुम्हांस येतात. येत्या सुटींत घरीं गेलांत म्हणजे प्रथम स्वयंपाकघरांत जा, चुलीवरील अथवा शेगडीवरील खूण शोधा, क्रमांक वहींत उतरून घ्या व तो खरा आहे कीं नाहीं हें आईस सांगा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मूल असा प्रश्न विचारूं लागलें तर त्या दुकानदाराप्रमाणें त्यास हंसून गप्प करूं नये. त्याचा प्रश्न संपूर्ण ऐकावा, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे कनवटीसच ठेवावे.