बीटा पेशीचीही बाजू ऐकून घ्यावी

मुलाला टाईप वन मधुमेह असल्याचे निदान झाले की आपण सारे डॉक्टर पालकांना एक ठरावीक गोष्ट सांगतो. शरीराचे रक्षण करणारे सैन्य घरच्याच माणसांवर उलटले आणि स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मारल्या गेल्या, ही ती गोष्ट. ती समजायला सोपी आहे आणि खोटीही नाही. मात्र ती अर्धीच आहे, आणि या अर्ध्या गोष्टीवर आपण फार काळ समाधान मानले, असे माझे मत आहे.

बोत्ताझ्झो या संशोधकाने १९८६ साली आपल्या एका व्याख्यानाच्या शीर्षकातच विचारले होते की, बीटा पेशीचा मृत्यू हा खून समजायचा की आत्महत्या? त्या काळी सर्वांचे लक्ष खुन्यावर, म्हणजे टी पेशींवर होते. मृताच्या घरात काय चालले होते, याची चौकशी पुढे बऱ्याच वर्षांनी सुरू झाली.

त्या घरात कामाचा रगाडा विलक्षण असतो. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की एकेक बीटा पेशी मिनिटाला दहा लाखांच्या घरात प्रोइन्शुलिनचे रेणू तयार करते. प्रत्येक रेणूची घडी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये अचूक बसावी लागते, गंधकाचे तीन बंध नेमक्या जागी जुळावे लागतात. घडी चुकलेला माल साचू लागला की पर्क, आयआरई-वन आणि एटीएफ-सिक्स हे तीन पहारेकरी जागे होतात. नवे उत्पादन थोपवणे, घडी घालणारे मदतनीस वाढवणे आणि बिघडलेला माल मोडीत काढणे ही त्यांची कामे. एवढे करूनही ताण हटला नाही, तर हीच यंत्रणा पेशीला मृत्यूकडे नेते. ताणाखालच्या पेशीत आणखी एक घोटाळा होतो. इन्शुलिनचा जनुकीय संदेश भलत्याच जागेपासून वाचला जाऊन एक अनोळखी प्रथिन तयार होते. रुग्णांच्या टी पेशी हे प्रथिन ओळखतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे सैन्य नुसते वेडे झालेले नसते. त्याला दारात खरोखरच परका चेहरा दिसलेला असू शकतो.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना या बाबतीत वोल्कॉट-रॅलिसन सिंड्रोमने बरेच शिकवले. १९७२ साली वर्णन झालेल्या या विकारात बाळाला बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो, हाडांची वाढ बिघडते, यकृत अचानक निकामी होऊ शकते. २००० साली त्याचे मूळ पर्कच्याच जनुकात सापडले. पहारेकरी नाही, म्हणून पेशी कामाखाली चिरडते. येथे प्रतिकारशक्तीचा हल्ला नसतोच. नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत हा विकार तुलनेने अधिक आढळतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्या सीमाभागातील अनेक घरांची रीतच आहे. म्हणून सहा महिन्यांच्या आतील बाळाला मधुमेह असेल तर त्याला टाईप वन म्हणून मोकळे न होता जनुकीय तपासणी करावी, हा माझा आग्रह असतो. यांपैकी काही बाळांमध्ये वेगळाच जनुकीय दोष निघतो आणि त्यांना इंजेक्शनऐवजी सल्फोनिलयुरियाची गोळी पुरते.

अर्थात याच विकारातून हेही कळते की, केवळ ताणाने ऑटोइम्यून आजार होत नाही. त्याला एचएलए जनुकांची अनुकूल जमीन लागते. टाळी एका हाताने वाजत नाही.

दवाखान्यात मात्र ‘ताण’ हा शब्द मी जपून वापरतो. पेशीचा ताण म्हटले की आई लगेच विचारते, “आम्ही अभ्यासाचा फार लकडा लावला, म्हणून झाले का?” तिला स्पष्ट सांगावे लागते की हा ताण प्रथिनांच्या घडीचा, परीक्षेचा नव्हे. गोड खाऊ घातल्याने हा आजार झाला, असे बोलणाऱ्या आजीलाही समोर बसवून समजवावे लागते.

या ज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग मला वाटतो तो ‘हनिमून’ काळ समजावण्यासाठी. इन्शुलिन सुरू झाले की उरलेल्या बीटा पेशींवरचा भार उतरतो, त्यांना विसावा मिळतो आणि त्या काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात. डोस उतरतो, कधी अगदी नाममात्र राहतो. नेमक्या याच सुमारास कोणीतरी नातलग चूर्णाची पुडी घेऊन येतो, साखर उतरल्याचे श्रेय पुडीला मिळते आणि इन्शुलिन बंद होते. विसावा संपतो, आणि मूल कीटोॲसिडोसिसमध्ये, धापा टाकत आपल्याकडे आणले जाते. त्यात जीवही जातो. निदानाच्या पहिल्याच दिवशी पालकांना हा काळ येणार आहे, आणि तो इन्शुलिनमुळेच येणार आहे, असे सांगून ठेवले तर पुडीवाल्याचे काम अवघड होते.

आता उपचारांविषयी. उंदरांचा मधुमेह आजवर इतक्या वेळा बरा झाला आहे की त्या बातम्यांनी मी हुरळत नाही. माणसांत टेप्लिझुमॅब हे औषध टी पेशींना आवरते; २०१९ च्या चाचणीत त्याने आजार सुमारे दोन वर्षे लांबवला आणि २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पेशीच्या बाजूने पाहणारा प्रयत्न व्हेरापामिलचा. रक्तदाबाचे हे जुने, स्वस्त औषध बीटा पेशीतील ताणाशी निगडित टीएक्सएनआयपी हे प्रथिन कमी करते. नुकतेच निदान झालेल्या ८८ मुलांच्या चाचणीत, २०२३ साली, वर्षअखेर सी-पेप्टाइड सुमारे ३० टक्के अधिक राहिले. इन्शुलिनपासून सुटका असा त्याचा अर्थ नव्हे.

औषध दुकानात सहज मिळते, मग देऊन पाहावे का, असे काही सहकारी विचारतात. हृदयाची गती आणि ईसीजी यांवर परिणाम करणारे औषध एका लहान चाचणीच्या भरवशावर मुलांना सर्रास देण्यास मी तयार नाही. मोठ्या चाचणीचे निष्कर्ष येईपर्यंत माझे उत्तर नकाराचेच राहील. तोवर अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा ओले करू लागले, सारखे पाणी मागू लागले, वजनाने उतरू लागले, तर त्याच दिवशी बोटातील थेंबभर रक्ताची साखर तपासावी. त्याला कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागत नाही.