औषधाचा सोबती

औषध गिळलें म्हणजे तें लागूं पडणारच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गोळी पोटांतील व आंतड्यांतील रसांत विरघळल्यावांचून तिच्यांतील औषध रक्तांत शिरत नाहीं. म्हणून हातीं असलेल्या औषधास विरघळावयास लावणें, ही नवें औषध शोधण्याइतकीच थोर रुग्णसेवा होय, असें आमचें मत आहे.

नायट्यासारख्या बुरशीजन्य रोगांवर देतात तें इट्राकोनॅझोल घ्या. पाण्यांत तें जवळजवळ विरघळतच नाहीं. त्याचें एक कारण असें कीं, स्फटिकांत त्याचे रेणू परस्परांस धरून बसतात. २००३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं या रेणूंच्या शेजारीं सक्सिनिक, मॅलिक व टार्टारिक अम्लांचे रेणू बसविले. मॅलिक अम्ल सफरचंदांत व टार्टारिक अम्ल आपल्या चिंचेंत असतें. असे दोन निराळे रेणू ठराविक प्रमाणांत एकत्र नांदतात, त्या स्फटिकास सहस्फटिक म्हणतात. त्यांत औषधाचा रेणू बदलत नाहीं. त्याचा शेजार तेवढा बदलतो. तरीही मॅलिक अम्लाचा सहस्फटिक अम्लयुक्त पाण्यांत मूळ स्फटिकाहून पुष्कळच अधिक विरघळला. याउलट मॅलेइक अम्ल प्रबल असूनही आकार जुळेना म्हणून निरुपयोगी ठरलें. येथें बळापेक्षां मेळ श्रेष्ठ!

‘स्फटिकाच्या मांडणीस एवढें महत्त्व कशाला?’ असें कोणी विचारील. त्यास १९९८ सालची हकीकत सांगावी. एड्सवरील रिटोनाव्हिर या औषधाचें कमी विरघळणारें स्फटिकरूप अकस्मात् प्रकट झालें, आणि त्याच्या कॅप्सूल बाजारांतून काढून घ्याव्या लागल्या. रेणू तोच होता. मांडणी तेवढी निराळी झाली होती.

अर्थात् पेल्यांत विरघळलें म्हणजे रोगी बरा झाला, असें नव्हे. कांहीं सहस्फटिक पाण्यांत पडतांच फुटतात आणि औषध पुनः सांक्याच्या रूपानें तळाशीं बसतें. म्हणून मनुष्याच्या रक्तांत औषध किती पोहोंचलें, हें मोजल्यावांचून कोणत्याही सहस्फटिकाची थोरवी गाऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत तुरटीचे वा मोरचुदाचे स्फटिक वाढवितांना कंटाळूं नका. पालकांनींही ‘याला परीक्षेंत गुण किती?’ असें विचारून त्या हौसेवर पाणी ओतूं नये. रेणूशेजारीं रेणू कसा बसतो, हें धीरानें पाहणाऱ्याच्याच हातून उद्यां एखादें निरुपयोगी वाटणारें औषध रोग्यास लागूं पडेल.