पहिला वस्तरा घेताय? मग 'स्वस्त' म्हणजे काय ते आधी ठरवा

वस्तऱ्याने दाढी करायची हौस पुन्हा आली आहे. व्हिडिओ पाहून तरुण मुलं विचारतात, "डॉक्टर, वस्तरा घेऊ का? ऑनलाइन चार-पाचशेला मिळतोय."

वस्तऱ्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. एकाच पात्याने, केसांच्या दिशेने केलेली दाढी बऱ्याच जणांच्या त्वचेला मानवते. चार-पाच पात्यांचं रेझर केस त्वचेच्या पातळीच्याही खाली कापतं. केस राठ किंवा कुरळा असेल तर तो वाढताना आतल्या आत वळतो आणि मानेवर, हनुवटीखाली फोड येतात. अशांना एक पातं बरं.

माझं भांडण आहे ते 'नवशिक्यांसाठी खास' असं लिहून, लाकडी पेटीत घालून विकल्या जाणाऱ्या स्वस्त वस्तऱ्याशी. नवशिक्याने घेऊ नये अशी एखादी वस्तू असेल तर ती हीच.

धोका धारेचा नाही, बोथटपणाचा आहे

पिकलेला टोमॅटो बोथट सुरीने कापून पाहा. सुरी सालीवर घसरते, आपण जोर लावतो आणि ती भलतीकडेच जाते. गालावर नेमकं हेच होतं. धारदार पातं केस सहज कापतं, त्याला दाब लागत नाही. बोथट पातं केस ओढतं, म्हणून हात जोर लावतो आणि त्वचा सोलली जाते. वरून एक थेंब रक्त दिसत नसलं तरी शेकडो बारीक ओरखडे पडलेले असतात. आपल्याच त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकॉकससारखे जंतू त्यातून आत शिरतात आणि दोन-तीन दिवसांनी केसांच्या मुळाशी पू धरतो.

कायमच्या पात्याचे बरेच स्वस्त वस्तरे कारखान्यातून दाढीयोग्य धार लावून येतच नाहीत. दिसायला चकचकीत, हाताला कागद कापतील इतपत तीक्ष्ण. पण कागद कापणारी धार आणि दाढीची धार यांत खूप अंतर आहे. ते भरून काढायला बारीक होत जाणारे धार लावायचे दगड लागतात, साधारण १००० ग्रिटपासून ८००० किंवा त्याहून बारीक. शिवाय रोज पातं फिरवायला चामड्याचा पट्टा लागतो. हे सगळं घेतलं की चारशेचा वस्तरा काही हजारांवर जातो. आणि दगडावर पातं कसं धरायचं हे शिकायला वेळ लागतो, तो वेगळाच. गल्लीत चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा देऊ नका. त्या चाकावर विळीला धार लागते. वस्तऱ्याचं पातळ पातं तापून बिघडतं.

"पण शौकीन लोक तर उलटं सांगतात"

त्यांचं म्हणणं असं, की ब्लेड बदलायचा वस्तरा जास्त बोचतो, कायमच्या पात्याचा सौम्य असतो. हे खरं आहे. मात्र त्या सौम्य वस्तऱ्याची धार जाणत्या हाताने लावलेली असते. जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं आणि तिथल्या चांगल्या वस्तऱ्याला कित्येक हजार रुपये पडतात. तेवढी ऐपत आणि चिकाटी असेल तर जरूर घ्या. त्या वस्तऱ्याचे गुण सांगून दुसराच, चारशेचा वस्तरा गळ्यात मारणं ही मात्र ग्राहकाची फसवणूक आहे.

जुन्या बाजारातल्या किंवा आजोबांच्या वस्तऱ्याचंही तसंच. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पात्यावर विषाणू टिकत नाहीत. अडचण असते धारेवर गंजाने पडलेल्या खड्ड्यांची. असं पातं आठवण म्हणून जपा, गालाला लावू नका.

मग घ्यायचं काय?

सलूनमध्ये असतो तो, अर्धं ब्लेड घालायचा साधा स्टीलचा वस्तरा. शंभर ते तीनशे रुपयांत मिळतो. ब्लेड काही रुपयांना पडतं आणि एका ब्लेडचे दोन तुकडे होतात. दर वेळी नवी, खात्रीची धार मिळते. दगड नको, पट्टा नको. माझ्या लेखी खरा स्वस्त वस्तरा हा.

वापरताना एवढं पाळा :

१. ब्लेड कागदातच ठेवून मधोमध वाकवून तोडा. बोटं वाचतात.
२. आंघोळीनंतर, केस मऊ झाल्यावर, भरपूर फेस लावून दाढी करा.
३. त्वचा दुसऱ्या हाताने ताणून धरा. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत ठेवा, अजिबात दाबू नका.
४. पहिले काही आठवडे फक्त गाल वस्तऱ्याने करा. हनुवटी, वरचा ओठ आणि गळा नेहमीच्या रेझरने.
५. वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ती पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराचा हात कापतो. झाकणाच्या डब्यात साठवा आणि डबा भरला की नीट बंद करून, वर लिहून द्या.

वस्तरा एकाचाच

हॉस्टेलवर, एकत्र खोलीत राहणाऱ्या मुलांनो, हे तुमच्यासाठी. वस्तरा, ब्लेड आणि तुरटीचा खडा कुणालाही देऊ नका, कुणाचा घेऊ नका. हेपेटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. रक्ताचा डाग डोळ्यांना दिसलाच पाहिजे असं नाही. त्याची लस आहे, तीन डोसांची. लहानपणी घेतली होती का हे घरी विचारा, नसेल तर आता घ्या. हेपेटायटिस सी ला तर लसच नाही. सलूनमध्येही नवं ब्लेड तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कुणी या वाटेला जाऊ नये

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, साखर ताब्यात नसलेले मधुमेही, हात थरथरणारे, नजर अधू असलेले, जखमेचा वण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असलेले. चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या किंवा चामखीळ असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा. चामखिळीवरून पातं फिरवलं की ती गालभर पसरते.

कापलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून पाहू नका. तरीही रक्त थांबलं नाही तर दवाखाना गाठा. गंजामुळे धनुर्वात होतो हा गैरसमज आहे, त्याचे जंतू माती-धुळीतून येतात. तरी शेवटचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना सांगा. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातला फोड कधीही पिळू नका. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांशी आहे. गंभीर गुंतागुंत क्वचितच होते. पण सूज डोळ्याकडे सरकली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

हौस जरूर करा. पण लाकडी पेटी पाहून वस्तरा घेऊ नका, धार पाहून घ्या. धारेची खात्री विकणाऱ्याला देता येत नसेल, तर तो वस्तरा फुकट मिळाला तरी महागच आहे.